टॉवर शेजारीच होता

भाव तोडण्यात मला आजवर कुणी हरवलेलं नाही. हे मिरवायला लिहीत नाही. पुढं जे झालं ते माझ्या याच सवयीतून झालं, म्हणून आधीच लिहून टाकतो.

शिवाजी पेठेत माझं मोटर रिवाइंडिंगचं आणि पॅनेल बनवायचं दुकान आहे. सुरुवात दुसऱ्याच्या दुकानात, जळक्या मोटरींमधली तार ओढून काढण्यापासून झाली. शिक्षण दहावी, तेही रडतखडत. बापाकडून काही आलं नाही, सासऱ्याकडून काही घेतलं नाही. समोरच्या माणसाला नेमकं कुठं दुखतंय ते ओळखायचं आणि तिथंच बोट ठेवायचं, एवढ्यावर सगळं उभं केलं. चिडतोही लवकर. माझा आवाज चार घरं पलीकडं जातो, आणि त्यामुळं धंद्यात तोटा झालेला मला आठवत नाही.

शिरोळ तालुक्यात कृष्णाकाठच्या एका गावात पाणीपुरवठा संस्था आहे. नदीचं पाणी उचलून उसाला द्यायचं, हे तिचं काम. तिथल्या पंपहाउसचा ऑपरेटर म्हणजे आण्णा. माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठा. त्याचं घर बुद्धविहाराला लागून. मी नोकर होतो तेव्हा आमच्या मालकानं त्याच्या मोटरीत हलकी तार भरली होती आणि मी ते त्याला बाजूला घेऊन सांगितलं होतं. पुढं मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा पहिली मोटर त्यानं आणली. वाटेत इचलकरंजीत वाइंडरची इतकी दुकानं, ती सगळी सोडून उसाच्या रिकाम्या ट्रॉलीत मोटर घालून तो पेठेत आला. उतरताना म्हणाला, "जाळलीस तरी तूच जाळ, दुसऱ्याला देत न्हाय."

त्या माणसावर मी आज रागावलेला आहे. का, ते सांगतो.

त्या संस्थेचे पंप नदीच्या उतारावर रुळांवरच्या गाड्यांवर बसवलेले आहेत. पाणी चढायला लागलं की साखळी लावून गाड्या वर ओढायच्या. आठ-दहा माणसं लागतात आणि अर्धा दिवस जातो. त्यामुळं माणसं कधी बोलवायची हे ठरवणं, हेच ऑपरेटरचं खरं काम. बटणं काय, कुणीही दाबेल. आण्णा ते घाटाच्या पायऱ्यांवर ठरवायचा. पाऊस लागला की दर दोन तासांनी खाली जायचा, किती पायऱ्या बुडाल्या ते बघायचा, मागच्या वेळेपेक्षा किती जास्त ते बघायचा. अकरावी पायरी बुडाली की गावात निरोप. इतक्या वर्षांत त्याच्या हातून एकही मोटर बुडाली नव्हती. पंपहाउसची चावी त्याच्या कमरेच्या करगोट्याला असायची. ती चावी त्याला मिळाली तेव्हा गावात काही जणांनी कुरकुर केली होती, की हा माणूस आपल्या पाण्यावर बसणार काय. तो त्यावर कधी बोलला नाही. वेळेवर पाणी सोडत राहिला, एवढंच.

दोन-तीन वर्षांपूर्वी संस्थेनं सगळं स्मार्ट करायचं ठरवलं. नदीत पातळी मोजणारा सेन्सर, मोटरींवर करंटचे सेन्सर, शेतात ओल मोजणाऱ्या काड्या, आणि सगळ्यांत सिमकार्ड. संस्थेच्या चेअरमनला मोबाईलवर नदी बघायची होती. पॅनेलचं काम माझं, म्हणून पुण्याच्या कंपनीशी बोलणी करायचंही माझ्याकडंच आलं. मला तेच हवं होतं.

कंपनीकडून दोघं आले. एक विक्रीवाला, गुळगुळीत बोलणारा. आणि एक इंजिनिअर बाई, तिशीची असेल. विक्रीवाल्याला मी पहिल्या चहातच ओळखलं. त्याला महिनाअखेरीच्या आत ऑर्डर हवी होती. बाई मात्र अवघड होती, कारण तिला काहीच विकायचं नव्हतं.

तीन बैठका झाल्या. तिसऱ्या बैठकीत सगळं माझ्या मनासारखं होत आलं होतं, फक्त कोटेशनमधली एक ओळ मध्ये येत होती. मी विचारलं, "हे एज एज काय लावलंय? हे कशाला?"

बाई म्हणाली, "काका, सेन्सर फक्त आकडा सांगतो. त्या आकड्याचा अर्थ कुणीतरी लावायला लागतो. पाणी किती वेगानं चढतंय, भोंगा वाजवायचा का, मोटर बंद करायची का. हा विचार लांबच्या सर्व्हरवर करायचा की जवळ, एवढाच प्रश्न आहे. जवळ करायचा, त्याला एज म्हणतात."

"मग लांब किती लांब?"

"दुसऱ्या राज्यात. आकडा तिकडं जाणार, हुकूम परत येणार."

"आणि जवळ म्हणजे?"

"दोन ठिकाणी. एक, टॉवरच्या खोलीत मोबाईल कंपनी छोटा सर्व्हर बसवू देते. आणि टॉवरच बंद पडला तर पंपहाउसमध्ये आमची एक पेटी. बॅटरीवर चालते. कुणाशी संपर्क नसला तरी भोंगा वाजवते."

मी हसलो. मला ते हसणं नीट आठवतंय, कारण विक्रीवालाही माझ्याबरोबर हसला होता. मी म्हणालो, "बाई, तुम्ही ते गाव बघितलंय का? पंपहाउसच्या पायरीवर बसलं की टॉवर दिसतो. उसाचं एक रान सोडून. गोफणीचा दगड मारला तर त्याला लागेल. आणि तुम्ही मला जवळपणा वेगळा विकताय?"

"काका, टॉवर फक्त निरोप्या आहे. तो विचार करत नाही."

"मग निरोप्या शेजारी आहे की! जाईल आणि येईल. एका सेकंदात मुंबईचा माणूस माझ्याशी बोलतोय, तुमचं मशीन काय लंगडतंय का?"

"रोजच्या दिवशी चालेल. ज्या दिवशी गरज असेल त्या दिवशीचं मी सांगतेय."

विक्रीवाल्यानं तिच्याकडं बघितलं. मी त्या ओळीवर आडवी रेघ मारली, खाली सही केली आणि म्हणालो, "हे काढा, आत्ता ऑर्डर घेऊन जा." तो घेऊन गेला. मी दुकानातल्या सगळ्यांना मिसळ खाऊ घातली.

माझी चूक अडाणीपणाची नव्हती, हे मला सांगायचंय. अडाणी माणूस विचारून घेतो. मला टॉवर डोळ्यांनी दिसत होता. जे दिसतं ते जवळ, असं धरून मी आयुष्यभर धंदा केला. त्या लोखंडाच्या सांगाड्यात डोकं असणारच, असं मी गृहीत धरलं.

यंत्रं बसली. पहिल्या उन्हाळ्यात कौतुकच कौतुक. चेअरमन लग्नात जेवायला बसला तरी मोबाईल काढून पावण्यांना नदी दाखवायचा. आण्णा मात्र पावसाळा लागल्यावर पुन्हा छत्री घेऊन पायऱ्या उतरायला लागला. चेअरमननं मला फोन केला. "शेठ, ह्यो म्हातारा अजून पायऱ्या मोजत बसतोय. एवढं बसवलंय ते काय शोभेला?"

मी गेलो. माझ्या मालाच्या नावाचा प्रश्न होता. पंपहाउसपुढं उभं राहून आण्णाला म्हणालो, "आण्णा, बंद करा हे. मोबाईल बघायचा. भोंगा आपोआप वाजणार हाय. तुम्ही खाली उतरला की लोकांना वाटतंय मशीन खोटं हाय."

"खोटं न्हाय रं. पर मशीन नदी बघतंय, मला नदीचं पाणी बघायचं असतंय. माती कसली येतीया, लाकडं किती येत्यात. त्यावरनं म्होरं किती चढणार ते कळतंय."

"ते मोबाईल सांगत न्हाय?"

"आकडा सांगतोय की. लाकडं कुटं सांगतोय?"

"लाकडं मोजायला पगार हाय का तुम्हाला?"

बाजूला बसलेली दोघं-तिघं हसली. आण्णाही हसला. मग म्हणाला, "तू म्हणतोस तर न्हाय जात." तो खरंच गेला नाही. चेअरमनच्या सांगण्यावरून नव्हे, माझ्या सांगण्यावरून.

पुढच्या पावसाळ्यात नदी फुगली. त्या दिवशी सकाळी मी दुकानात होतो. इकडं पंचगंगा चढत होती, खालच्या वस्तीतली माणसं सामान हलवत होती, सगळीकडं तोच विषय. मी दर थोड्या वेळानं मोबाईल उघडून तिकडची कृष्णा बघत होतो. हिरवा ठिपका. आकडा धोक्याच्या बराच खाली. मी आलेल्या गिऱ्हाईकाला दाखवलं, "बघा, शिरोळची नदी शिवाजी पेठेत." नाश्त्याला तोच आकडा. अकराला तोच. जेवायला बसलो तेव्हा तोच, दशांशासकट.

भर पुरात नदी एका जागी थांबते होय? एवढं शहाणपण पोरालाही आहे. मी भावातला एक रुपया इकडचा तिकडं झालेला पकडतो. तो न हलणारा आकडा मी पाच-सहा तास बघत राहिलो आणि मला बरंच वाटत राहिलं. हिरवा ठिपका माझा होता ना, मी मिळवलेल्या भावातला.

आण्णाला फोन लावला तेव्हा लागेना. चेअरमनचाही लागेना. तेव्हा कुठं मी तो आकडा परत नीट बघितला.

झालं होतं असं. पहाटेच वीज गेली. टॉवरचा जनरेटर काही वेळ चालला, मग डिझेल संपलं आणि रस्त्यावर पाणी आल्यामुळं नवीन पोचलं नाही. सेन्सर बॅटरीवर चालू होता. तो आकडे पाठवत होता, पण निरोप्या मेला होता. भोंगा पंपहाउसच्या छपरावर होता, त्याची बॅटरी भरलेली होती, पण त्याला वाजायचा हुकूम दुसऱ्या राज्यातून यायचा होता. सेन्सर आणि भोंगा यांच्यात वीस पावलांचं अंतर. मधे विचार करणारं कुणी नव्हतं. तिथं जी पेटी बसणार होती, तिच्यावर मी रेघ मारली होती.

आण्णा तेव्हा सगळ्या गावाबरोबर म्हशी वरच्या रस्त्यावर नेत होता. मोबाईलवर शेवटचा आकडा तसाच दिसत होता, आणि भोंगा वाजला नाही म्हणजे वेळ आहे असं त्यानं धरलं. दुपारी कुणीतरी ओरडलं तेव्हा रूळ पाण्याखाली होते. सगळ्या मोटरी बुडाल्या.

पाणी ओसरल्यावर मी गेलो. पंपहाउसच्या भिंतीवर माणसाच्या उंचीवर गाळाची रेघ होती. मोटरींच्या आत चिखल बसला होता, वाइंडिंगमध्ये बोट घातलं तर भिजल्या पिठासारखा लागत होता. आण्णा फावड्यानं रूळ मोकळे करत होता. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि परत खाली वाकला.

"आण्णा, कंपनीला सोडत न्हाय मी," मी म्हणालो.

"बरं," तो म्हणाला.

वरच्या अंगाच्या उसाला पाणी द्यायला पंप नव्हते, लोक तापले होते. संस्थेच्या ऑफिसात मीटिंग बोलावली. कंपनीची ती बाई एकटी आली होती, विक्रीवाला नोकरी सोडून गेला होता. मी भांडायच्या तयारीनं गेलो होतो. सर्व्हिसला कुणी आलं नाही, अॅपमध्ये आकडा शिळा झाल्याची खूण नव्हती, अशी माझी यादी होती, आणि ती खरीही होती. मी सुरुवात केली आणि आवाज चढवला. बाईनं ऐकून घेतलं. म्हणाली, "शिळ्या आकड्याची खूण नव्हती, ही आमची चूक आहे. पण भोंगा का वाजला नाही, ते काकांना माहीत आहे." आणि पिशवीतून मी रेघ मारलेला तो कोटेशनचा कागद काढला.

चेअरमननं हात केला. "बाई, ते कागद न् मशीन ऱ्हाऊ द्या. आमाला त्यातलं कळत न्हाय. माणूस काय करत होता ते बघू." तो आण्णाकडं वळला. चेअरमन माझ्याहून लहान आहे. आण्णाला म्हणाला, "काय रं, तुला नदीवर ठेवलाय कशाला? इतकी वर्सं पायऱ्या मोजत होतास, त्याच दिवशी पाय मोडला होता व्हय?"

मागून कुणी म्हणालं, "म्हशी महत्त्वाच्या हुत्या त्येला."

दुसरा म्हणाला, "फुकटचा पगार गोड लागतोय."

बाईच्या हातातला कागद तसाच राहिला. मी आण्णाकडं बघितलं. त्यानं फक्त बोट दाखवायचं होतं. ह्यानं सांगितलं म्हणून गेलो नाही, एवढं एक वाक्य. मी त्याची वाट बघत होतो. ते आलं असतं तर मी उसळलो असतो, वाद घातला असता, त्यातून खरं-खोटं बाहेर पडलं असतं. मला भांडण करता येतं.

आण्णा म्हणाला, "चुकलं माझं."

त्यानं करगोट्याची चावी सोडायला सुरुवात केली. गाठ जुनी होती, सुटेना. सगळे बघत होते. शेवटी दातानं सोडली आणि टेबलावर ठेवून तो बाहेर गेला.

मी बोललो नाही. हे मला लिहायलाच पाहिजे. मी कंपनीनं नवीन पेटी बसवून द्यावी यावर पुन्हा घासाघीस सुरू केली आणि त्या दिवशीही मी जिंकलो. पेटी मंजूर झाली. बाई तो कागद पिशवीत घालून निघून गेली.

मोटरी पेठेत आल्या. त्यांची एकेक तार मी स्वतः भरली. दुकानातली माणसं म्हणाली, मालक, आम्ही करतो. मी अंगावर ओरडलो. काम करताना माझा राग वाढत होता आणि तो सगळा आण्णावर होता. हा माणूस गप्प का बसला? मला मोठेपणा दाखवतोय काय? मी काय त्याच्याकडं मागितला होता? असा माझा राग दिवसेंदिवस वाढत चालला, आणि एका रविवारी मी गाडी काढून त्याच्या घरी गेलो.

तो अंगणात बसून शेंगा फोडत होता. मी उभ्यानंच सुरू झालो. "तुम्ही माझं नाव का घेतलं न्हाय?"

"बस की आधी."

"बसायला न्हाय आलो. मी सांगिटलं होतं तुम्हाला, पायऱ्यांवर जाऊ नका म्हणून. सांगिटलं होतं का न्हाय?"

"सांगिटलंतंस."

"मग?"

"मग काय? तुझं नाव घेतलं असतं तर तू भांडला असतास. भांडनात तू जिंकतोसच. मग सगळ्यांपुढं मी खोटा ठरलो असतो. चावी तर जायचीच हुती. खोटा होऊन जायापरीस चुकीचा होऊन गेलो."

"मी तुम्हाला खोटं पाडलं असतं?"

आण्णानं शेंगेतला दाणा काढला, फुंकर मारली. "त्या दिवशी तुझ्या तोंडाकडं बघत होतो की मी. तुला टाइम दिला."

मला वाटत होतं मी त्याची वाट बघत होतो. तो माझी बघत होता. मी काहीतरी अद्वातद्वा बोललो, काय ते आठवत नाही, आणि गाडी काढली. त्याच्या बायकोनं चहा टाकला होता, तो तसाच राहिला. राग अजून आहे. त्यानं मला हे सांगायला नको होतं, मीटिंगमध्ये बोलून मोकळं व्हायला पाहिजे होतं, असं मला आजही वाटतं.

पण पुढच्या सर्वसाधारण सभेला मी गेलो. कोटेशनची प्रत बाईकडून मागवून घेतली होती. तिनं काही न विचारता पाठवली. मी उभा राहिलो आणि ती रेघ सगळ्यांना दाखवली. ही माझी. विचार करणारी पेटी मी काढायला लावली. आण्णाला पायऱ्यांवर जायला मी बंदी केली. त्याला परत घ्या.

मग मागून आवाज आला, "शेठ, ह्यात तुमचा काय डाव हाय?"

सगळे हसले. त्यात माझ्याशी वीस वर्षं व्यवहार केलेले लोक होते. त्यांचं बरोबर होतं. बदल्यात काही घेतल्याशिवाय मी काही दिलेलं त्यांनी बघितलंच नव्हतं. मी म्हणालो, "डाव न्हाय. मागतोय."

चेअरमन म्हणाला, "आता पेटी बसली की शेठ. भोंगा आपोआप वाजतोय, टॉवर असो नसो. तुमीच बसवून दिली. आता तिथं मोजणारा मानूस कशाला? बटन दाबायला माझा पुतण्या हाय."

"पेटीला लाकडं दिसत न्हाईत," मी म्हणालो.

"काय दिसत न्हाईत?"

मी परत सांगितलं नाही. त्यावर आणखी हसू झालं असतं. मी एवढंच म्हणालो, की चूक माझी आहे हे इतिवृत्तात लिहा. सेक्रेटरीनं चेअरमनकडं बघितलं. चेअरमननं पाणी प्यायलं, तोंड पुसलं, आणि गोड आवाजात म्हणाला, "लिहू की. आनि आण्णाचं बगू. विचार करू."

मी तीस वर्षं भाव कमी करा म्हणणाऱ्या गिऱ्हाईकांना "विचार करू" म्हणत आलोय. मला माहीत आहे त्याचा अर्थ काय होतो.